कुंपणापलीकडचा ड्रम

१२ ऑक्टोबर, शनिवार
सुखरूप पोहोचलो. ख्राइस्टचर्चच्या विमानतळावर सुयश आणि सूनबाई दोघंही घ्यायला आले होते. अस्मिताला तिसरा महिना सरत आलाय. मुलाचं घर लाकडी, भरपूर उजेडाचं. मागे मोठं अंगण आणि अंगणात नुसतं गवत. माती काळी, लोण्यासारखी मऊ, आणि हे लोक तिच्यावर गवत वाढवतात आणि दर शनिवारी कापतात! मी सातवीपर्यंतच शिकलो, पण निफाडला तीस वर्षं द्राक्षबागांत काम केलंय. सुनेला म्हटलं, बाळ येईपर्यंत तुला घरची मेथी-पालक खायला घालीन. ती हसली. बरं वाटलं.

२० ऑक्टोबर, रविवार
शेजारी नॉएल नावाचा म्हातारा राहतो. माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा असेल. एवढ्या थंडीत अर्धी चड्डी आणि जँडल घालून हिंडतो. जँडल म्हणजे आपली साधी स्लिपर, नाव तेवढं मोठं. मला ‘शॅश’ म्हणतो, कुत्र्याला हाक मारावी तसं. शशिकांत म्हणायला याची जीभ झिजते का? मान आणि कानांमागचा भाग काळ्या पुटकुळ्यांनी भरलाय. हात थरथरतात.

अस्मिताला त्याचा फार कळवळा. ती सांगत होती, तरुणपणी तो व्हिएतनामच्या लढाईत होता. जंगलाची पानं गळावीत म्हणून विमानातून औषध फवारायचे, ते यांच्याही अंगावर पडायचं. उकाड्यात गार वाटायचं म्हणून हे शर्ट काढून खाली उभे राहायचे. त्याने हे आजार जडले. मुलगी जन्मली ती पाठीचा कणा उघडा घेऊन. आणि वरचे लोक कित्येक वर्षं म्हणत राहिले, तुमच्यावर काही पडलंच नाही.

सगळ्या सबबी. मी तीस वर्षं पाठीवर पंप घेऊन औषध मारलं, तोंडाला फडकंसुद्धा बांधलं नाही. मला काय झालं? सैनिक म्हणे! यापेक्षा आमच्या बागेतलं बुजगावणं बरं.

३ नोव्हेंबर, रविवार
गवत खणून मेथी-टोमॅटोचा वाफा केलाय. नळाचं पाणी बर्फासारखं, कोवळ्या रोपांना सोसत नाही. पावसाचं पाणी साठवायला सुयशकडे ड्रम मागितला. म्हणाला, बाबा, दुकानातून नवा आणू या की, हीप्स मिळतात. हीप्स म्हणजे ढिगाने. शिकलेल्यांना सगळं नवंच लागतं. नॉएलच्या शेडमागे गवतात एक जुना लोखंडी ड्रम पडला होता. म्हातारा आठवड्यापासून रुग्णालयात आहे, विचारायचं कुणाला? कुंपणाची सैल फळी सरकवली आणि ड्रम गडगडत आणला. तळाशी तपकिरी, चिकट थर होता. वास जुन्या दवाखान्यासारखा. राख आणि साबण लावून तीनदा घासला. निफाडला औषधाचे रिकामे डबे आम्ही असेच धुऊन घरात पिण्याचं पाणी भरायचो. कोणी मेलं नाही.

१७ नोव्हेंबर, रविवार
पहिली मेथी निघाली. अस्मिताने तीनदा मागून घेतली. म्हणाली, बाबा, आईच्या हातची आठवण झाली. टोमॅटोची पानं जरा आत वळलीत. इथला वाराच तसला. हात खाजतात. इथला साबणही तसलाच.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
टोमॅटोचे शेंडे पिळले गेलेत, ओलं फडकं पिळावं तसे. पानं नखांसारखी वाकलीत. मेथी दोन दिवसांत भसाभस वाढली आणि जमिनीवर आडवी झाली. असला रोग मी उभ्या जन्मात पाहिला नाही. चांगली पानं निवडून पोरीला भाजी करून दिली.

१ डिसेंबर, रविवार
नॉएल परत आलाय. कुंपणावरून त्याने वाफा पाहिला आणि त्याचे ओठ पांढरे पडले. ड्रमकडे बोट दाखवून किती वेळ बोलत होता. निम्मं शब्दांनी कळलं, निम्मं हातवाऱ्यांनी. जंगलात झाडं अशीच पिळायची. लढाईवरून परत आल्यावर वडिलांच्या शेतावर काटेरी झुडपं मारायला तो जे फवारत होता, तेही तेच औषध निघालं. तोच हा ड्रम. काही पडलंच नाही म्हणणाऱ्यांच्या तोंडावर मारायला त्याने ठेवला होता.

त्याने विचारलं, खाल्लं कोणी? पुन्हा पुन्हा तेच विचारलं.
मी म्हटलं, मीच. एकट्याने.

३ डिसेंबर
माझ्या कानामागे पुटकुळ्या. काळ्या.
कोणी मेलं नाही असं लिहिलंय मी. विमलची दोन — सुयशच्या आधीची — दिवस भरण्याआधीच गेली. तेव्हा मी तिला पांढऱ्या पायाची म्हणालो होतो. चारचौघांत. माझ्या बायकोला. आणि ते डबे घरात मी आणत होतो —

४ डिसेंबर
वाफा उपटला. अस्मिताने विचारलं, का हो बाबा? कीड लागली, म्हटलं. ती म्हणाली, बरं झालं, शेवटची जुडी फ्रीजमध्ये ठेवलीय, पराठे करते. केले. खाल्ले. मी समोर बसून बघत होतो. तोंड उघडलं नाही. सुयश परत पाठवील, ही भीती — एवढीशी —
त्या म्हाताऱ्याला हसलो मी. थू.

५ डिसेंबर
सोनोग्राफी. एकालाच आत घेतात. मी बाहेर बाकावर. आतून सुयशचं हसणं येत होतं.
आता येत नाही.
दुसरी डॉक्टरीण घाईने आत गेली. दार नीट लागलं नाही. अस्मिता काहीतरी विचारतेय — तेच तेच —
त्या विचारताहेत, हिने काही वेगळं, बाहेरचं खाल्लं का. सुयश सांगतोय, नाही, सगळं घरचंच. बाबांच्या हातचं.
उठतो. सांगतो. सुयश, थांब, ते मी —