आकडा दहा पॉइंट सहा

बुधवार. किन्हवली, एसटीतून उतरून घरी आल्याबरोबर.

आज डोकं चालतच नाय. प्रॅक्टिकलला पेंडुलम होता. गुरुत्वाकर्षणाचा आकडा पुस्तकात ९.८, आमचा आला १०.६. परत मोजलं, तरी १०.६. दोरा मापताना चुकले का? गोळ्याचा व्यास तर नियमाप्रमाणे अर्धाच धरला होता. माझी पार्टनर सुरेखा वैतागली. "९.८ लिव ना गो, सगळे तेच लिवतात. माझी शेणव्याची गाडी जाईल!" तिनं लिहिलं, सही घेतली आणि गेली.

मी मॅडमना बोलावलं. वाटलं, त्या चूक दाखवतील. त्यांनी स्वतः गोळा सोडला, स्वतः वेळ घेतला, गणित केलं. १०.६! मला हसू आलं, त्यांना नाही. स्टॉपवॉच कानाशी धरलं, मग हळूच म्हणाल्या, "सध्या ९.८ लिही. परीक्षक बाहेरचे येतात, ते आपलं घड्याळ बघत नाहीत."

मी जर्नलमध्ये १०.६च लिहिलं. हट्ट होता की काय, माहीत नाय. मॅडमनी पान बराच वेळ पाहिलं, सही केली आणि बाजूला लाल पेनानं प्रश्नचिन्ह काढलं.

ते मला, घड्याळाला, की त्यांचं त्यांनाच?