बिनविरोध

४ मार्च
बिनविरोध! दिवसभर कानात हाच शब्द. सकाळी लिफ्टमध्ये तळमजल्याच्या काकू – "यंदा सोसायटीची अध्यक्ष तुमची धाकटी जाऊ बरं का! परवा मुदत संपते, दुसरा अर्जच नाही. बिनविरोध!" जणू पदवीच मिळाली तिला. मी तोंडभर हसले. गाल दुखले.

बावीस वर्षं या इमारतीत राहते मी. ती आली सहा वर्षांपूर्वी. बंद पडलेली लिफ्ट तिने सुरू करून घेतली, मान्य. पण गळक्या टाकीसाठी अर्जांवर अर्ज कोणी खरडले? मला कुणी विचारलंसुद्धा नाही.

५ मार्च
शब्दकोशाच्या कचेरीत आज नेमका 'ब'. आणि माझ्याच टेबलावर! अर्थ लिहिला – विरुद्ध कोणी उभे न राहिल्यामुळे, मतदान न होता. वाक्यात उपयोग – 'ती गोड बोलून बिनविरोध निवडून आली.'

संपादकांनी चष्मा वर केला. "'गोड बोलून' कशाला? आणि ही 'ती' कोण?"

खोडलं. मग तेच म्हणाले, "लोकांना वाटतं, बिनविरोध म्हणजे सगळ्यांना हवीशी. तसं नाही. समोर कोणी नव्हतं, एवढंच."

एवढंच! घरी येईपर्यंत तेच डोक्यात.

६ मार्च
अर्ज भरला! मुदत संपायला दहा मिनिटं असताना. मला जिंकायचं नाहीच. तिच्या नावामागचा तो शब्द तेवढा काढायचाय. आमचे हे कपाळाला हात लावून – "अगं, घरातल्या घरात? लोक काय म्हणतील!" म्हणू देत.

७ मार्च
जिन्यात भेटली. "ताई, बरं झालं उभ्या राहिलात!" कपाळावर आठी नाही. नाटकी मेली.

११ मार्च
चौथ्या मजल्यावरून तिच्या आणि शेजारणींच्या हसण्याचा आवाज. माझ्याबरोबर कुणी असं हसतं का? जीव नुसता जळतो.

१५ मार्च
तेवीस मतं. तिला अकरा, मला बारा. निवडून आले! मी!! पहिली टाळी तिची – हरल्यावरही शोभून दिसते बया.

१६ मार्च
धाकटी दारात आली. "सगळ्यांनी पुढे ढकललं, नाही म्हणवेना. सभेत बोलायचं म्हटलं की माझ्या घशाला कोरड पडते. माझं मत तुम्हालाच दिलं, ताई."

तिने स्वतःला दिलं असतं, तर मी पडले असते.