वाचलेल्यानंच सांगायचं

१६ एप्रिल १९८८, तुमसर

पुन्हा वीज गेली! सकाळपासून टाइप केलेल्या दीडशे ओळी गेल्या. कॅसेटवर उतरवायला फक्त पाच मिनिटं हवी होती. भय्याजी हसले — "अजून टाइप कर. तुहा हात तर मशीन आहे!"

त्यांचं काय जातं? शेठजींचा मुलगा, नागपूरला इंजिनिअरिंगला. सुटीत संगणक आणला, टीव्हीला जोडला. लढाईचा गेम ते बनवतात, त्याच्या ओळी टाइप करणं माझं. शेठजींच्या राइस मिलमध्ये मी गेटपास लिहितो. नववी नापास, पण लिहिण्यात चूक नाही. एक स्वल्पविराम हुकला तरी संगणक अडतो. मला ते पटतं.

१७ एप्रिल

वाचनालयातल्या पुस्तकातून जुन्या रोमचे रणांगणावरचे रिवाज उतरवून काढले. सेनापती स्वतःला देवांना वाहतो आणि एकटाच शत्रूत घुसतो — भय्याजी खूश! शत्रूच्या सरदाराला स्वतःच्या हातानं मारलं, तर त्याचं चिलखत देवळात वाहायचं — तेही घेतलं.

तिसरा मला सर्वांत आवडला. आपल्या माणसाचा जीव वाचवणाऱ्याला ओकच्या पानांचा मुकुट. पण वाचलेल्यानं स्वतः सांगायला हवं. आणि सांगितल्यावर वाचवणाऱ्याला जन्मभर बापाचा मान द्यायचा.

"मारणाऱ्याले बक्षीस समजतं," भय्याजी म्हणाले. "वाचवणाऱ्याले कायले?" पण टाकू दिलं.

१९ एप्रिल



दुपारी सगळे जेवायला गेले होते. मी मिलमध्ये बसून मुकुटाचे नियम लिहीत होतो — कामाच्या वेळात! कागद उडून मशीनच्या चालू पट्ट्याखाली गेला. वाकलो. बाही पट्ट्यात ओढली गेली. मशीनवरचे तुलारामकाका कुठून आले कळलं नाही. त्यांनी लोखंडी सब्बल पट्ट्याच्या चाकात घातली. बाही फाटली, मी वाचलो. चाक तडकलं.

मी शर्ट बदलायला खोलीवर पळालो.

२० एप्रिल

चाक कसं मोडलं, शेठजींनी सगळ्यांसमोर विचारलं. काका म्हणाले, "पोट्टा पट्ट्यात गेला होता, शेठ." शेठजी माझ्याकडे वळले. "खरं आहे का रे, भोजराज?"

"मी नव्हतो तिथं."

हे मी म्हणालो. काकांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. शेठजींनी त्यांना तिथल्या तिथं काढलं. चौदा वर्षांची नोकरी!

खरं सांगितलं असतं तर कागदाचं निघालं असतं. मग नोकरी नाही, संगणक नाही.

२४ एप्रिल

मुकुट चालत नाही! एकाच्या सैनिकाला दुसऱ्याच्या तुकडीनं वाचवलं की पडद्यावर प्रश्न येतो — वाचवलं का? 'हो'ची कळ दाबली की मुकुट वाचवणाऱ्या तुकडीला, आणि आपली तुकडी कायम तिच्या मागं. भय्याजी आणि वायरमन ईश्वर अकरा डाव खेळले. एकदाही 'हो' नाही.

"मी काय येडा आहो काय?" ईश्वर म्हणाला. "जीव तर वाचलाच ना!"

२६ एप्रिल

सगळ्या ओळी तीनदा तपासल्या. चूक नाही.

२८ एप्रिल

बाजारात काकांची बायको धुरपताबाई दिसली. मी वळणार होतो. "बाबू," ती म्हणाली, "हे स्टेशनवर पोते उचलून राहिले. पन्नाशीत! तुले तरी माहीत असंन, चाक काहून मोडलं?"

घाईत आहे म्हणालो. कसली घाई!

१ मे

भय्याजी म्हणाले, "तो मुकुट काढून टाक. कोणी दाबूनच नाही राहिलं. फुकट जागा खाऊन राहिला."

बावीस ओळी आहेत. पुसायला बसलो. एकही पुसली नाही.

३ मे

शेठजींना सांगितलं. कागद, बाही, सब्बल — सगळं. भय्याजी शेजारीच होते. शेठजी म्हणाले, "तुलाराम उद्यापासून येईन. तू येऊ नको. आणि त्या डब्ब्याले हात लावायचा नाही."

काकांना सांगायला त्यांच्या घरी गेलो. ते बाजेवर बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "पंधरा दिवस तोंडात काय कोंडा भरला होता का बे?"

मी उभाच. "बस" असंही म्हणाले नाहीत.