सीडीवरचा कॉम्प्युटर आणि रविवारची पणती

१० मार्च, मंगळवार. सकाळी नऊ

आजपासून लिहायला घेतलं, कारण आज मी कॉम्प्युटरवाली झाले! मुलाने त्याचा जुना डबा माझ्या खोलीत आणून मांडला. आतली डिस्क केव्हाच मेली म्हणे. पण लाइव्ह सीडीवर चालतो. सीडी घालायची, बटण दाबायचं, झालं. आणखीही काही सांगत होता, नवीन घातलेलं टिकत नाही की काय. मी हो हो म्हटलं. शाळा चौथीपर्यंतच झाली, पण डोकं तल्लख. मास्तर तसं दोघींनाच म्हणायचे, मला आणि त्यांच्या मुलीला.

रविवारी अकराला नात मला पणती दाखवणार! वीस दिवसांचं बाळ. सोमवारी ती नवऱ्याच्या कामाच्या जागी जायची आहे, तिथे इंटरनेट नाही. आठ महिने. सून म्हणाली, यांच्या मोबाइलवर बघा की. तळहाताएवढ्या काचेत पणती बघू? माझा पडदा केवढा आहे!

दुपारी दोन

एकमेकींना बघत बोलायचा प्रोग्रॅम सीडीत नव्हता. नात फोनवरून सांगत गेली, मी दाबत गेले. तीन तास. इन्स्टॉल झालं! मग शहाण्या बाईसारखा कॉम्प्युटर बंद करून वर रुमाल घातला.

११ मार्च, बुधवार

प्रोग्रॅम नाही. रुमालाखाली कॉम्प्युटर आहे, प्रोग्रॅम नाही. पुन्हा घातला, एकटीने. साडेतीन तास. बंद केला, रुमाल घातला.

१२ मार्च, गुरुवार

पुन्हा नाही! खोलीत येतं कोण? भांडीवाली, फरशी पुसायला. अकरा वर्षं येते, साधा चमचा कधी हरवला नाही. म्हणून तर संशय आला. विचारलं तर म्हणाली, आजी, ते दिसतं कसं तेही मला ठाऊक नाही. म्हटलं, वा गं वा, न बघताच उचललंस? उद्यापासून येऊ नको सांगितलं. रडली. मी मात्र आवाज चढवला नाही, आपला स्वभावच नाही तो. प्रोग्रॅम तिसऱ्यांदा घातला, कॉम्प्युटर बंद केला, खोलीला कुलूप लावलं.

१३ मार्च, शुक्रवार

कुलूपबंद खोलीतून गेला! म्हणजे तिच्याकडे दुसरी किल्ली आहे. पक्की बाई.

सून भांडी घासते आहे. घासते कसली, आपटते. मुलगा म्हणाला, आई, सांगितलं होतं ना तुला, सीडीवर काही लिहिलं जात नाही. घातलेलं सगळं तात्पुरत्या मेमरीत असतं, बंद केलं की संपलं. त्या बाईला उगाच हाकललंस. किती हळवा माझा मुलगा! परक्या बाईसाठी केवढी कथा रचली. ती आता दुसरीकडे लागली म्हणे, म्हणजे तिचं बरंच झालं. प्रोग्रॅम परत घातला. मुलाचं मन राखायला रविवारपर्यंत बंद करणार नाही.

१४ मार्च, शनिवार

प्रोग्रॅम जागच्या जागी! बघा, बाई गेली आणि सगळं राहिलं. आनंदाच्या भरात घड्याळ घातलं, पत्ते घातले, पडद्यावर फुलं पडतात तेही घातलं. दर वेळी एक पिवळी पाटी येते, मेमरी संपत आली. मी फुली दाबते. गुणी आहे, लगेच जाते.

१५ मार्च, रविवार. सकाळी दहा

केस विंचरून तयार. मुलाने दिलेला कॅमेरा लावून पडद्यावर स्वतःला बघितलं. सुरकुत्या जरा जास्तच दिसतात, बाळ घाबरायचं. चेहरा उजळवणारा प्रोग्रॅम असतो म्हणे. पटकन घालते.

सव्वादहा

पडदा थिजला. माउस हलेना. बंद करून चालू केला. घड्याळ, पत्ते, फुलं, नातीचा प्रोग्रॅम, सगळं साफ. घाबरायचं नाही. आता हात बसलाय, पाऊण तासात करते.

अकरा वीस

निम्म्यावर आलं. मुलाने दार वाजवलं, आई, लागलाय कॉल, ये लवकर मोबाइलवर. म्हटलं, लुडबुड करू नका, माझं लक्ष उडतं. मग सून आली. आई, कडी काढा हो, बाळ जागं आहे, तुमची नात तुम्हालाच विचारतेय. म्हटलं, तिला सांग पाच मिनिटं धीर धर, आजी मोठ्या पडद्यावर येतेय. बाहेर सगळे हसताहेत. घर कसं भरल्यासारखं वाटतं!

दुपारी दीड

इन्स्टॉल झालं. एकदम झकास. नातीला लावला. उचलत नाही. परत लावला.

तीन

सून ताट घेऊन आली. नात आजच निघाली, गाडी लवकरची मिळाली. बाळाचे डोळे थेट तुमच्यावर गेलेत, म्हणाली. मी विचारलं, उघडे होते? म्हणाली, टक्क. पाऊण तास मोबाइलमधून बघत होती.