कोपाकाबानाहून आलेले चरे

विल्मर,

बाबांच्या डोळ्यावरची ऑपरेशनची पट्टी आज दवाखान्यात काढणार आहेत. मी त्यांना आणायला गेलेय, एकपर्यंत येऊ.

कोपाकाबानाच्या चर्चसमोर पाद्रीबाबांनी बाबांच्या गाडीला आशीर्वाद दिल्यावर प्रथेप्रमाणे बॉनेटवर ओतलेली बिअर आणि रंगीत कागदाचे कपटे तू कोरड्या फडक्याने गोल गोल पुसलेस. त्याने पडलेल्या बारीक चऱ्यांचं जाळं उन्हात लख्ख दिसतं. डावी बाजू मी हाताने घासून काढली. उजवी तुझी.

गाडी सावलीतच ठेव. आधी भरपूर पाण्याने धू. पॉलिश वाटाण्याएवढं घे आणि तळहाताएवढ्या जागेवर सरळ रेषेत हलक्या हाताने घास. फडकं जमिनीवर पडलं तर दुसरं घे. एकाच जागेवर चार-पाच वेळा घासावं लागेल. माझे खांदे भरून आलेत, तुझेही येतील.

काल म्हणालास, "ताई, बाबांना कुठे काय दिसतंय!" आज दिसेल. घरात शिरण्याआधी ते गाडीपाशीच थांबतील. चरे कुणी पाडले असं त्यांनी विचारलं, तर या वेळी मी "माझ्या हातून झालं" म्हणणार नाही.

नेलिदा