तो शनिवारचा फोन

पेद्रा मान्सा,
१४ सप्टेंबर २००९, सोमवार

प्रिय तिझिऊ,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक, तुम्ही सगळे तिकडे ठीक असाल असं धरून चालतो. मार्लूसियाला सांग, तिने पाठवलेला पेरूचा मुरंबा नेइदीने कपाटात कुलूप लावून ठेवलाय. नवऱ्याला साखर वर्ज्य आहे म्हणे, पण स्वतः जाता-येता चमचा घालते.

यंदाची कॉफी तोडून झाली. सहकारी संस्थेत पोती लागली आहेत, आणि मी तराजूपाशी बसून तेच करतो जे तीस वर्षं करतोय, म्हणजे शेतकऱ्यांशी भांडतो. अंगणातल्या जबुटिकाबाच्या झाडाला या वर्षी बुंध्यापासून फळ धरलंय. आई असती तर पाखरं हाकलायला खुर्ची टाकून बसली असती.

तुझा गुडघा कसा आहे? मार्लूसिया म्हणत होती, आता जिना चढताना काठी लागते आणि डॉक्टर पूर्ण सांधाच बदला म्हणतात. चव्वेचाळिसाव्या वर्षी काठी. मी तुझ्याहून सात वर्षांनी मोठा, आणि अजून पोतं उचलतो. हे लिहायला नको होतं, पण लिहिलं.

सहा तारखेला, रविवारी, रेडिओवर तुझी मुलाखत ऐकली. सगळ्या गल्लीने ऐकली. क्लब अठ्ठ्याऐंशी सालच्या संघाचा पुढच्या महिन्यात सत्कार करणार, तुला व्यासपीठावर बसवणार, हे ऐकून न्हावी वस्तरा हातात घेऊनच रस्त्यावर आला होता, गिऱ्हाईक अर्धवट दाढीत. तू बोललासही झकास. तेवीस वर्षांचा होतास, सतरा सामन्यांत अकरा गोल केलेस, पोर्तुगालचा क्लब दारात उभा होता. मग त्या रेडिओवाल्याने विचारलं, "असं कसं झालं हो?" आणि तू म्हणालास, "क्लबच्या डॉक्टराने मला संपवलं. गुडघ्याचा रिपोर्ट त्याच्या टेबलावर पडून होता आणि त्याने मला कळवलंही नाही. तो सत्काराला येणार असेल तर मी पायरी चढणार नाही."

मी रेडिओ बंद केला. नेइदी म्हणाली, "का बंद केलास? अजून बोलतोय ना तो." मी म्हणालो, बॅटरी वाचवतोय. रेडिओ विजेवर चालतो आपला.

हे बघ, इथवर आलो आणि पुन्हा पावसापाण्याचं लिहावंसं वाटायला लागलं. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी खोड तुला ठाऊक आहे. आता सरळ सांगतो.

गुरुवारी संस्थेत एक बाई आली. पन्नाशीची, नीटस, हातात पर्स घट्ट धरलेली. म्हणाली, "मी सेलेन. डॉक्टर एवारिस्तुंची मुलगी." मी तराजूच्या काट्याकडेच बघत राहिलो. तिला वाटलं मी ओळखलं नाही, म्हणून पुन्हा सांगितलं, "तुमच्या भावाच्या क्लबमध्ये होते ते."

घरी आणलं. नेइदीने कॉफी केली, चीज कापलं. बाई म्हणाली, "मी भांडायला नाही आले, जुवेनालभाऊ. बाबा ब्याऐंशीचे झालेत, गोष्टी विसरतात. पण एक गोष्ट आयुष्यभर ठामपणे सांगायचे, की मी फोन केला होता. नोकरी गेली तरी सांगायचे, आई वारली तेव्हाही सांगत होते. परवा रेडिओ ऐकला आणि तेव्हापासून म्हणतात, सेलेन, मी केलाच नसेल गं फोन. मला उगाच वाटत असेल. त्या पोराचा पाय मीच घालवला. जेवत नाहीत. ताट समोर तसंच राहतं. मला तुमच्याकडून काही लिहून नको, कोणाला सांगायला नको. फक्त एकदा तुमच्या तोंडून ऐकायचंय. फोन आला होता का?"

मी काय म्हणालो माहितीये? म्हणालो, "बाई, वीस वर्षं झाली. आता कुठलं आठवायला."

तिने मान हलवली. कॉफी पूर्ण प्यायली, नेइदीच्या हाताला हात लावून आभार मानले आणि बस पकडायला गेली.

दार लागल्यावर नेइदीने भांडी उचलली नाहीत. माझ्यासमोर बसली. "तुला आठवत नाही?"

"नाही."

"मला आठवतं. त्या शनिवारी तू ओनोफ्रेच्या बेकरीत पाव आणायला गेला होतास. पाऊण तासाने आलास. हात हलवत. पाव कुठे म्हणून विचारलं तर म्हणालास, कसला पाव?"

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"तू बोलशील म्हणून वाट बघत होते. मला वाटलं, माणूस आहे, कधीतरी बोलेल."

तिझिऊ, फोन आला होता. मीच घेतला होता.

आता लिहिलंच आहे तर सगळं ऐक. तुला वाटेल दादा सारवासारव करतोय. करत असेन तर तिथे पान फाडून टाक, पण पुढचं वाच.

तुझं मार्लूसियाशी लग्न होऊन दोन आठवडे झाले होते. लग्नात नाचताना तू डावा पाय जपून टाकत होतास, ते मी बघितलं होतं. शेवटच्या सामन्यात मुरगळला, फोटो काढलेत, रिपोर्ट यायचाय, असं तूच म्हणालास. आणि समोर नाताळच्या आधीचा रविवार, म्हणजे संसारी विरुद्ध सडे. तुला आठवतं ना, तुझ्यामुळे सहा वर्षं सडे आम्हाला चोपत होते! सहा वर्षं आम्ही लग्न झालेले, हरलो म्हणून बायकांचे एप्रन बांधून शेगडीवर मांस भाजतोय, त्या उनाड पोरांना वाढतोय आणि वर भांडी घासतोय. मी संसाऱ्यांचा कप्तान. गावात चालता यायचं नाही. न्हावी विचारायचा, "कप्तान, यंदा एप्रन फुलांचा की रेघांचा?" त्या वर्षी प्रथमच तू आमच्या बाजूला येणार होतास. लग्न केलंस म्हणून! मी पाद्रीबाबाला म्हणालोसुद्धा होतो, या लग्नाने दोन घरं नाही, अकरा घरं सुखी झाली.

शनिवारी सकाळी मी बेकरीत उभा होतो. आपल्याकडे तेव्हा फोन कुठला, सगळ्या गल्लीचे फोन ओनोफ्रेकडेच यायचे. तो भट्टीशी होता, ओरडला, "जुवेनाल, उचल रे, राजधानीतून आहे, तुमचाच असेल." मी उचलला. डॉक्टर एवारिस्तु होते. माणूस घाईत नव्हता, नीट समजावून बोलला. म्हणाला, "रिपोर्ट आलाय. गुडघ्याच्या आतला बंध अर्धा तुटलाय. जपलं तर बरा होईल, नाही जपलं तर पूर्ण जाईल. त्याला सांगा, चेंडूला पाय लावायचा नाही, उडी मारायची नाही. पाच जानेवारीला माझ्याकडे या. तुम्ही भाऊ ना? मग तुमच्यावर सोपवतो."

मी म्हणालो, "हो डॉक्टर. सांगतो."

घरी येताना मैदानावरून आलो. पोरं चुन्याच्या रेषा मारत होती. सडे कुंपणावर बसले होते, त्यातला एक ओरडला, "काय कप्तान, तुमचा नवरदेव येणार की बायकोने बांधून ठेवलाय?" आणि मी म्हणालो, "येणार! तुमचे एप्रन शिवून ठेवा."

झालं ते एवढंच. त्यात काही मोठं कारण नव्हतं. मनात म्हणालो, शहरातले डॉक्टर शिंक आली तरी आठवडाभर झोपवतात. म्हणालो, अर्धा तास खेळेल, पळायला नाही लावायचं, नुसता गोलसमोर उभा करू. सोमवारी सांगू. एका दिवसाने काय होतंय?

तू विचारलंस, तेही आठवतं मला. रविवारी सकाळी बूट बांधताना म्हणालास, "दादा, क्लबकडून काही निरोप?" मी तुझ्या बुटाकडे बघत म्हणालो, "काही नाही."

आणि गोलसमोर टाकलेला तो क्रॉस माझा होता. हे तुला ठाऊक आहे, पण लिहायचं राहिलं तर मला वाटेल पुन्हा काहीतरी लपवलं. उजवीकडून मी उचलून मारला, तू उडालास. तारेवरून टुणकन उडणाऱ्या त्या काळ्या तिझिऊ पाखराचं नाव तुला मी उगाच नव्हतं ठेवलं. चेंडू डोक्याला लागला आणि जाळ्यात गेला. आम्ही नाचलो. मी ओनोफ्रेच्या गळ्यात पडलो, कोणीतरी एप्रन सड्यांच्या अंगावर फेकले. मग आईचा आवाज ऐकला आणि वळून पाहिलं तर तू जमिनीवर गुडघा दोन्ही हातांत धरून पडला होतास. आधी आम्ही गोलाचा आनंद केला रे, मग तुझ्याकडे बघितलं. त्या दिवसाचं मला सगळ्यात जास्त हे खातं.

जानेवारीत क्लबचे दोघे आले. म्हणाले, डॉक्टर सांगतात, मी फोन केला, भावाशी बोललो. भाऊ म्हणजे तुम्ही? तू पलंगावर होतास, पाय मांडीपासून खाली प्लॅस्टरमध्ये, आणि माझ्याकडे बघत होतास. मी म्हणालो, "फोन आला नाही." ते ओनोफ्रेकडे गेले. तो म्हणाला, "दिवसाला पन्नास फोन येतात, मी भट्टी बघू का फोन?" मी त्याला काही शिकवलं नव्हतं. तो आमचा गोलकीपर होता, एवढंच. गेल्या वर्षी वारला, तोवर आम्ही दोघांनी यावर एक शब्द काढला नाही.

नंतर मी मनाला समजावलं, की तुझ्यासाठी खोटं बोललो. मनाई असून खेळला असं ठरलं असतं तर क्लबने तुझं ऑपरेशनही केलं नसतं. हे खरंच आहे. पण ते मला दुसऱ्या दिवशी सुचलं. बोललो तेव्हा फक्त तुझी नजर चुकवायची होती.

डॉक्टरांनी तुझ्यासमोर शपथ घेतली होती. तू त्यांना म्हणालास, "माझा भाऊ खोटं बोलणार नाही." त्यांना महिन्याभरात काढून टाकलं.

पुढचं तुला काय सांगायचं, तुझ्याच अंगावर गेलंय. आठ महिने पलंग. परतलास तर मांडीचा स्नायू. मग एक पाय जपता जपता दुसरा गुडघा. मग ती छोट्या क्लबांची रांग, कुठे चार सामने, कुठे नऊ. एकदा एकाच दुपारी तीन गोल मारलेस आणि पुढच्या रविवारी घोटा गेला. एकोणतिसाव्या वर्षी बूट न्हाव्याच्या पोराला देऊन टाकलेस. पोर्तुगालचं नाव तू आमच्यासमोर पुन्हा कधी काढलं नाहीस. ओरडला असतास, शिव्या दिल्या असत्यास तर बरं झालं असतं.

पहिल्या ऑपरेशननंतर आईने अपारेसिदाच्या मातेला मेणाचा गुडघा वाहिला. घेऊन मी गेलो होतो तिच्याबरोबर. बसमध्ये उकाडा, मेण मऊ पडायला लागलं, मी सारा रस्ता तो गुडघा खिडकीबाहेर वाऱ्याला धरून बसलो. लोक हसत होते. तिथे तो इतर शेकडो पायांमध्ये टांगला आणि आई गुडघ्यावर बसून मोठ्याने म्हणाली, "माते, पोराला पाय दे आणि त्या डॉक्टराला बघून घे." मी शेजारीच उभा होतो. तिथेही तोंड उघडलं नाही. आई मरेपर्यंत त्या निरपराध माणसाला शिव्याशाप देत राहिली, आणि मी "आमेन" म्हणत राहिलो.

हे काल इथवर लिहिलं होतं, म्हणजे वरची तारीख कालची समज. लिहून झाल्यावर पाकीट बंद करवेना. नेइदी म्हणाली, "भावाला पत्र मिळेल आठवड्याने. म्हातारा तोवर उपाशी." तिने सेलेनचा नंबर घेऊन ठेवला होता. बाई हुशार आहे माझी, मी नाही.

आज सकाळी संस्थेतून फोन केला. सेलेनला म्हणालो, आला होता फोन, मीच घेतला. ती म्हणाली, "हे त्यांना सांगा," आणि फोन म्हाताऱ्याच्या कानाला लावला.

मी म्हणालो, "डॉक्टर, मी पेद्रा मान्साचा जुवेनाल. तिझिऊचा भाऊ. तुम्ही शनिवारी सकाळी फोन केला होता. माझ्याशीच बोललात."

आवाज अगदी बारीक झालाय त्यांचा. म्हणाले, "हो, हो. बंध अर्धा तुटलाय. मुलाला सांगितलंस ना?"

मला वाटलं ते मला टोमणा मारताहेत. पण नाही रे. त्यांच्यासाठी तो शनिवार अजून संपलेलाच नाही. मी म्हणालो, "अजून नाही, डॉक्टर."

"मग सांग की बाबा. उद्या उतरेल तो मैदानात. धाव, लवकर सांग."

मी फोन ठेवला आणि संस्थेच्या भिंतीला डोकं टेकून रडलो. तराजूपाशी चार शेतकरी उभे होते, त्यांना वाटलं घरात कोणी गेलं.

सेलेनने दुपारी कळवलं, म्हातारा अर्धी वाटी सूप प्यायला.

मी सत्काराच्या लोकांना पुढच्या आठवड्यात, हे तुला पोचल्यावर, पत्र टाकतोय आणि रेडिओवाल्यालाही. तुझं नाव त्यात कुठे कमी होणार नाही असं लिहीन, पण डॉक्टरांचं धुऊन काढीन. त्याआधी तुला कळायला हवं होतं, ते दुसऱ्या कोणाकडून नको होतं. सव्वीस तारखेच्या शनिवारी मी डॉक्टरांकडे जाणार आहे. तू ये असं म्हणायचा मला हक्क नाही. पण तो माणूस तुझी वाट बघतोय, माझी नाही.

माफी मागत नाही. माफी मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल, आणि उत्तर न द्यायची मोकळीक तुला असावी. मार्लूसियाला हे पत्र वाचायला दे, तिचंही आयुष्य यात गेलं.

आजवरच्या प्रत्येक पत्राखाली मी न विचारता "तुझा दादा" लिहीत आलो. आज हात थांबला. ते आता तू ठरव. तोवर नुसता

जुवेनाल