रिकाम्या पट्ट्यातले सदतीस ठिपके

१४ नोव्हेंबर, सकाळ

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक. तुझी खुशाली कळव.

अकरा वर्षांनी लिहितोय, म्हणून आधी कचेरीच्या बातम्या. आकाशाचे नकाशे आता यंत्रावर निघतात. आपलं खालून दिवा लागणारं काचेचं टेबल जिन्याखाली पडलंय, लोक त्यावर चहाचे कप ठेवतात. तू वहीतून आकडे वाचायचीस, मी ठिपके द्यायचो, आणि चुकलो की बोटांवर पट्टी बसायची. मला 'ठिपक्या' म्हणणारं आता इथे कुणी नाही.

त्या वर्षीच्या मोठ्या नकाशाबद्दल लिहायचंय. दीर्घिकांना आपण तांबडे ठिपके ठरवले होते. कुठे त्यांची नुसती दाटी, कुठे तुरळक, आणि आकाशगंगेच्या पट्ट्यात जवळपास एकही नाही. तारकागुच्छांचे पिवळे ठिपके मात्र त्याच पट्ट्यात खच्चून भरलेले. शेवटचा ठिपका दिला त्या दिवशी तू दाढ काढायला गेली होतीस. तो रिकामा पट्टा माझ्या नजरेस पडला. तू वाचताना मी अधूनमधून पेंगायचो. वाटलं, पानंच्या पानं सुटली माझ्याकडून. बाबा मुख्य नकाशाकार, त्यांना सांगायची कुणाची छाती? अंदाजाने सदतीस तांबडे ठिपके भरून टाकले.

त्या पट्ट्यात धूळ असते, मागच्या दीर्घिका तिच्याआड जातात. तुला विचारलं असतं तर एका वाक्यात सांगितलं असतंस.

ठिपके झाले, पण वहीत त्यांच्या नोंदी नव्हत्या. त्या मी लिहिल्या, ताई. तुझ्या वहीत, तुझ्यासारखं अक्षर काढून. दोघांनाही बाबांनीच गिरवायला शिकवलेलं, त्यामुळे जड गेलं नाही.

नकाशा छापून गेला आणि दुर्बिणीवाल्यांच्या तक्रारी आल्या, की तिथे काहीच दिसत नाही. बाबांनी वही तुझ्यासमोर धरली.

"हे मी लिहिलेलं नाही," तू म्हणालीस.

"अक्षर तुझं, आणि वर खोटं बोलतेस?"

तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली मान घालून पेन्सिलीला टोक करत बसलो. संध्याकाळी तू बॅग भरलीस, तेव्हाही शेजारच्या खोलीतच होतो. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

वर 'सर्व ठीक' लिहिलं ते सवयीने. बाबा गेले. मंगळवारी दुपारी. शेवटचा आठवडाभर रोज विचारायचे, "ती येतेय का?" एकदा माझा हात धरून म्हणाले, "लिही तिला. म्हणावं, मी माफ केलंय, आता ये."

माफ केलंय म्हणाले, ताई. तुला. मी म्हणालो, "पत्र टाकलंय, बाबा." मग ते दाराकडे बघत पडून राहायचे.

ते पत्र हे.

तुझं अक्षर चोरणारा,
ठिपक्या